पुपुकाचं खरं नाव

मकाइवी म्हातारा शार्कला भीत नव्हता. एकदा म्हणे शार्कने त्याच्या होडीचं वल्हं चावलं, तेव्हा यानेही वाकून शार्कचं शेपूट चावलं. मग दोघांनाही एकमेकांची चव आवडली नाही आणि ज्याने त्याने आपापली वाट धरली. लाव्हा उतरत उतरत अंगणापर्यंत आला तेव्हा सगळं गाव पळालं, आणि हा मात्र ज्वालामुखीच्या देवीची, पेलेबाईंची, रीतसर परवानगी मागून त्या तापल्या दगडावर ओपेलू मासे भाजत बसला. हे सगळं तोच सांगायचा. खोटं म्हणायची सोय नव्हती, कारण साक्षीदार एक तर समुद्रात होते किंवा पोटात.

पण कोणी त्याच्या नातीकडे बघून 'गोड आहे हो पोर' एवढं जरी म्हटलं, तरी हा माणूस पोरीला पाठीशी घालून घरात पळायचा.

त्याला कारण होतं. या नातीच्या आधी घरात एक नातू झाला होता. देखणा. इतका देखणा, की लांबच्या एका लग्नात त्याला या मांडीवरून त्या मांडीवर असा फिरवला, की आईच्या हातात तो जेवणं उठल्यावरच परत आला. काय डोळे, काय रंग, राजाचं पोर शोभतंय! प्रत्येकीने काही ना काही म्हटलं. घरी आणेपर्यंत त्याला ताप भरला होता. वर्षाच्या वाढदिवसाचं मोठं जेवण व्हायचं होतं, डुक्कर पोसून ठेवलं होतं. पोर गेलं. डुक्कर कापायला कोणाचा हात उठेना, म्हणून ते म्हातारं होऊन आपल्या मरणाने मेलं. डॉक्टरांनी तापाला नाव दिलं, आईनेही ते मानलं. मकाइवीने मात्र कोणाला काही विचारलं नाही. कुठल्या जिभांनी काय केलं ते त्याने आपल्या कानांनी ऐकलं होतं.

म्हणून नात जन्मली तेव्हा तो दवाखान्याच्या दारातच ओरडला, "अरेरे, काय हे ध्यान! हे कोणाचं? परत घ्या." नर्स बिचारी रडकुंडीला आली. आणि नाव ठेवलं पुपुका. पुपुका म्हणजे कुरूप. कुरूप पोरीकडे कोण वळून बघणार? माणूसही नाही आणि माणूस नसलेलं ते दुसरंही काही नाही.

खरं नाव वेगळं होतं. ते पोर जन्मायच्या आदल्या रात्री स्वप्नात म्हाताऱ्याला मिळालं होतं. पूर्वजांनी दिलेलं. असं नाव नाकारता येत नाही, आणि म्हाताऱ्याच्या हिशेबाने उच्चारताही येत नव्हतं. त्याने ते गिळून ठेवलं. मुलीला, म्हणजे उलुवेहीला, एवढंच सांगितलं, की नाव आहे, पोर मोठी झाली की देईन. किती मोठी ते सांगितलं नाही. सगळी कागदपत्रं पुपुकाच्या नावाने झाली.

पुपुका वाढत गेली आणि तिला कुरूप म्हणणं हे दिवसेंदिवस कष्टाचं काम होत गेलं. तरी सगळं गाव हौसेने हातभार लावायचं. दुकानातली आंटी माहेआला तिला बघितलं की म्हणायची, "आली का फुग्या माशाच्या तोंडाची! नाक बघा, उकडलेला तारोचा कंद बरा." आणि हातावर गोळी ठेवायची. एखाद्या लेकराला उठता बसता इतकी नावं ठेवणारं आणि तेवढाच जीव लावणारं गाव दुसरं नसेल.

मग उलुवेहीच्या डोक्यात ती शाळा शिरली.

टेकडीवरची शाळा. तिथे मुलं आपल्या भाषेत गणितं करतात, ताऱ्यांवरून होडी हाकायला शिकतात, सकाळी उठून चिखलात तारो लावतात, आणि एवढं करूनही पुढे वकील होतात. जागा थोड्या आणि मुलं बेटभरची. मकाइवीच्या आईने शाळेत आपल्या भाषेत पाणी मागितलं म्हणून पट्टी खाल्ली होती. आता तीच भाषा येते का म्हणून परीक्षा होती. हे म्हाताऱ्याला आवडलं. शाळेशी त्याचं भांडण नव्हतंच. भांडण होतं ते मोठ्याने काही मागण्याशी.

कारण तो कोळी होता. कोळी कधी 'मासे मारायला चाललो' म्हणत नाही. माशांना कान असतात. तो म्हणतो, फिरायला चाललो. हवं ते बोलून दाखवलं की ते हातचं जातं, हा धडा त्याने समुद्रावर गिरवला होता आणि घरात लागू केला. त्यामुळे अर्ज गेल्यापासून घरात प्रवेश, शाळा, मुलाखत हे शब्द बंद झाले. उलुवेही चुकून म्हणाली की म्हातारा उठून खिडक्या लावायचा. मग बाप-लेक 'त्या वरच्या फिरण्याबद्दल' बोलू लागले.

मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलासोबत पालक आणि घरातलं वडीलधारं माणूस यावं, असं होतं. जावई बोटीवर होता, महिन्यामहिन्यांनी घरी यायचा, म्हणजे म्हाताऱ्याला सुटका नव्हती. फाटकाशी उभं राहून मुलाने आपल्या जुन्या रीतीने गाऊन हाक घालायची, मी अमुक, अमक्याची नात, आत येऊ का म्हणून. आतून उत्तराची हाक आली की मग पाऊल टाकायचं.

उलुवेही हॉटेलच्या धुलाईखान्यातून आल्यावर रोज पोरीकडून ती हाक घोटून घेई. आणि रोज बापाला एकच गोष्ट विचारी.

"पापा, तिथे तिने पुपुका म्हणून हाक घालायची? त्या लोकांसमोर? तुम्ही ठेवलेलं नाव मला तरी सांगा."

"ठेवलंय म्हणजेच ठेवलंय. जपून ठेवलंय. बाहेर काढलं की ठेवलेलं राहतं का?"

"मी आई आहे तिची. पाच वर्षं झाली, मी माझ्या पोरीला नावाने हाक मारलेली नाही."

यावर म्हातारा जाळं दुरुस्त करत बसायचा. जाळं फाटलेलं नसायचं. नीट ठेवलेलं जाळं उसवून तो पुन्हा विणायचा.

त्या दिवशी सकाळी त्याने पुपुकाच्या एका खिशात मीठ भरलं, दुसऱ्यात दृष्टीपासून राखणाऱ्या की नावाच्या झाडाचं हिरवं पान दुमडून घातलं, आणि शिवाय स्वतःच्या दोन्ही बुटांत एकेक पान घातलं. पोरीचे केस उलुवेहीने इतके सुरेख विंचरले होते, की त्याने ते जाता जाता विस्कटले. ट्रकजवळ येतात तोच दुकानाच्या दारातून आंटी माहेआलाने विचारलं, एवढं नटून कुठे निघालात म्हणून.

"फिरायला," म्हातारा म्हणाला.

"बूट घालून?" तिने हसून डोळा मारला. "जा, जा फिरून या. बाकी पोरगी आज काय दि..." आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

शब्द अर्धाच सुटला होता, पण सुटला होता. म्हातारा ट्रकमधे बसला तो पांढराफटक. काळ्या दगडांच्या माळावरून रस्ता वर चढत होता आणि त्याला प्रत्येक वळणावर वाटत होतं, मागून काहीतरी येतंय. आरशात काही नव्हतं. काही नसणं हेच त्याला जास्त वाईट वाटत होतं. तो सारखा पोरीच्या कपाळाला हात लावून बघायचा. कपाळ गार. मग वाटायचं, इतकं गार का?

"टूटू, तुझा हात घामेजलाय," पुपुका आजोबाला म्हणाली.

"समुद्र आठवला त्याला," म्हातारा म्हणाला.

टेकडीवर फाटकापाशी बरीच कुटुंबं उभी होती. एकेक मूल पुढे होत होतं, हाक घालत होतं, आतून उत्तर येत होतं. कोणी अडखळत होतं, कोणी मुसमुसत होतं. म्हातारा ते सगळं बघून जरा सैल झाला. या गर्दीत आपली पोर कोणाच्या लक्षात यायची नाही.

पुपुका पुढे झाली. तिने तोंड उघडलं.

आता हे ज्याने ऐकलं तो सांगेल. झाडांवरचे पक्षी म्हणे गप्प झाले, आणि खाली बंदरात एका बोटीचं इंजिन आपण होऊन बंद पडलं. बोटीचं खरं नसेल. पण मकाइवीच्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज त्याच्या आईचा होता. पट्टी खाऊन गप्प झालेली ती बाई पाच वर्षांच्या गळ्यातून मोकळी गात होती. उलुवेहीने डोळे मिटले. हाक अर्ध्यावर आली, आजोबांच्या नावापाशी आली, आणि रांगेतली कोणी एक भली बाई, कोणाचं वाईट चिंतणारी नव्हे, भारावून मोठ्याने म्हणाली, "देवा, किती गोड आवाज!"

म्हाताऱ्याच्या तोंडातून ते निघून गेलं. विचार करून नव्हे. विस्तवाला बोट लागल्यावर हात जसा मागे येतो तसं.

"कसला गोड! कोकी बेडूक आहे बेडूक!"

पुपुका दचकली आणि थांबली.

हाक मध्येच तुटली होती. म्हाताऱ्याला हे सर्वांआधी कळलं. घातलेली हाक तोडू नये, तुटली तर घालणाऱ्याचा श्वास तुटतो, असं त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं, आणि तिच्याच आवाजातली हाक त्याने आपल्या हाताने तोडली होती. आतून उत्तर आलं नाही. येणार कसं, अर्ध्या हाकेला उत्तर नसतं. फाटकाच्या आत माणसं उभी होती, बाहेर माणसं उभी होती, आणि कोणी हलत नव्हतं. उलुवेहीने बापाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

पुपुकाने खिशात हात घातला, मीठ चिवडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी आवाज खाली, सपाट, घाईघाईचा, कुरूप म्हणावा असाच. शेवटाला पोचली. आतून थोडं थांबून उत्तर आलं. तिघं आत गेली.

खोलीत दोन कुमू, म्हणजे शिक्षक, होते. कुमू कानोआ नावाचा तरुण, आणि एक जाडजूड म्हातारी, जिने आपलं नाव सांगितलं कुमू ओपाला. ओपाला म्हणजे केर. ते ऐकून मकाइवीच्या मानेवरचे केस उभे राहिले. असं नाव कोणी उगीच ठेवत नाही.

कानोआने पोरीला ठोकळे दिले, चित्रं दाखवली, आपल्या भाषेत गप्पा मारल्या. पोरगी खुलली. तो म्हणाला, हुशार आहे. म्हातारा म्हणाला, मठ्ठ आहे, अजून डावा-उजवा बूट कळत नाही. तो म्हणाला, चित्र छान काढलंय. म्हातारा म्हणाला, कोंबडीने पाय पुसले तरी याहून बरं दिसेल. तो म्हणाला, धीट आहे. म्हाताऱ्याने सांगितलं, पालीला बघून किंचाळते. असं तीन-चारदा झालं. हळूहळू कानोआचा चेहरा बदलला. तो उलुवेहीकडे वळला आणि मऊ आवाजात विचारू लागला, की घरी मुलीशी नेहमी असंच बोलतात का, तिला त्याचा त्रास होतो का, ती झोपते का नीट.

उलुवेही काय सांगणार? सांगायचं तर त्या आधीच्या मुलाचं सांगावं लागणार, आणि ते या खोलीत, या दिवशी, पोरीसमोर तोंडातून काढायला तिचीही जीभ वळेना. तिने बापाला कितीही बोल लावले तरी तिच्याही पर्समधे कीचं पान होतं. ती नुसती म्हणाली, "ते प्रेमाने म्हणतात." आणि ते कसं ऐकू गेलं ते तिचं तिलाच कळलं.

"थांब, कानोआ," कुमू ओपाला म्हणाली. तिने आपली खुर्ची पुढे ओढली. "अंकल, मला कळतंय तुम्ही काय करताय. मला शाळेत जाईपर्यंत वाटायचं, केर हा लाडाचा शब्द आहे. आधीचं कोण गेलं?"

"नातू," मकाइवी म्हणाला. बऱ्याच वर्षांनी तो शब्द त्याने वापरला.

ती काही हळहळली नाही. तिने पुपुकाला जवळ बोलावलं.

"पुपुका हे पांघरूण झालं. आतलं नाव काय तुझं?"

"टूटूकडे आहे."

"तुला नाही माहीत?"

"मोठी झाल्यावर देणारे." पोरीने विचार केला. मग तिने आजोबाकडे वळून, जसं दुपारी भात आहे का विचारावं तसं विचारलं, "टूटू, मी मोठी व्हायच्या आत तू मेलास तर मी कोणाला विचारू?"

म्हातारा हसायला गेला. हसू आलं नाही. पंचाहत्तरीच्या माणसाने आपल्या मरणाचा विचार केला नसेल असं नाही, पण तो नेहमी शार्कचा, लाटेचा, असा भारदस्त केला होता. त्या मरणात पोटातल्या नावाचं काय होतं हे त्याने धरलंच नव्हतं.

कुमू ओपाला म्हणाली, "माझी आजी विचारायला मिळालीच नाही. नीरफणस काढताना झाडावरून पडली आणि गेली. माझं नाव घेऊन गेली. मी साठीची झाले, अंकल. मी या पोरांना रोज सकाळी रांगेत उभं करते, त्यांच्याकडून त्यांची नावं म्हणवून घेते, आणि मी केर आहे." ती चिडलेली नव्हती. "पोर घ्यायची की नाही ते मी एकटी ठरवत नाही. पण पांघरुणाला मी रांगेत उभं करणार नाही. तिथे सगळे पूर्वज ऐकत असतात. त्यांना मी काय सांगू, कोण आलीय?"

"ते ऐकतात तसं दुसरंही काही ऐकतं," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की कानोआला पुढे वाकावं लागलं. "तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ओपाला आहात, तुम्हाला तरी माहीत आहे."

"माहीत आहे. मीही घाबरते," ती म्हणाली. "पण दोन्हीकडून घाबरते."

खोलीत पंखा फिरत होता. मकाइवीने खिडकीकडे बघितलं, उघडी होती. दाराकडे बघितलं, तेही उघडं. उठून लावून घ्यावीत असं त्याला फार वाटलं. मग त्याने उलुवेहीकडे बघितलं. ती काही मागत नव्हती. पाच वर्षं मागून तिने आता मागणं सोडलं होतं आणि हात मांडीवर उताणे टाकून बसली होती, बाजारातून रिकाम्या हाताने परतलेल्या बाईसारखी.

त्याने पोरीला दोन गुडघ्यांच्या मध्ये उभं केलं. कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं. तिचा श्वास त्याने घेतला, आपला तिला दिला. आणि त्या श्वासाबरोबर, कानात नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "कामालीएओकेकाई."

समुद्राचं शांत होणं.

उलुवेहीच्या तोंडून हुंदका नाही, नुसता श्वास निघाला. तिचे ओठ हलले. ती ते नाव आवाज न करता म्हणून बघत होती, चटका बसेल का म्हणून पातेल्याला बोट लावावं तशी.

कानोआने तोंड उघडलं. त्या तोंडात 'सुंदर' हा शब्द अगदी दातांपर्यंत आलेला दिसत होता. त्याने म्हाताऱ्याकडे बघितलं, शब्द गिळला, आणि कसाबसा म्हणाला, "लांब आहे."

"लांबच आहे," म्हातारा म्हणाला. त्याला तो पोरगा थोडा आवडला.

तेवढ्यात पुपुका शिंकली.

एकदाच, पण चांगली सणसणीत. म्हाताऱ्याचं काळीज बंद पडलं. आलं, त्याला वाटलं. इतक्या लवकर. नाव तोंडातून निघतं न निघतं तोच दारात उभं. त्याने पोरीचे दंड इतके घट्ट धरले, की ती कळवळली. नातवाचा तापही शिंकेनेच सुरू झाला होता. त्याला त्या लग्नाचा मांडव दिसला, मांड्या दिसल्या, हसरी तोंडं दिसली.

"मौली ओला," कुमू ओपाला म्हणाली. जगत राहा.

"मौली ओला," कानोआ म्हणाला, आणि उलुवेही, आणि दाराबाहेर पुढच्या पाळीसाठी बसलेलं ते कोणाचं कोण कुटुंब, ती मघाची गोड म्हणणारी बाईसुद्धा. शिंकेला हे म्हणायचंच असतं, कोणी विचार करून म्हणत नाही. म्हाताऱ्याने एवढ्या आयुष्यात हजारदा म्हटलं असेल. पण इतकी माणसं आपल्या पोरीला जग म्हणताना ऐकून त्याचं काळीज कुरकुरत का होईना, पुन्हा सुरू झालं. बोटं मात्र सुटायला वेळ लागला. पुपुकाने ती एकेक करून उघडली.

"पान खिशात टोचतंय," ती म्हणाली, "आणि नाकात मीठ गेलं."

परतीच्या वाटेवर तो तिच्या कपाळाला हात लावतच होता. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. पोरीला ताप आला नाही. उलट मुलाखतीच्या धास्तीने म्हाताऱ्यालाच आला, आणि तो आपल्यावर आला याचा त्याला इतका आनंद झाला, की त्याने गोळी घ्यायचं नाकारलं.

शाळेने पोरीला घेतलं. बातमी आल्यावर आंटी माहेआला सगळ्या बायका घेऊन आली. ओट्यावर तारो कुटून केलेली पोई आणि सुके ओपेलू मांडले, आणि जमलेल्या प्रत्येकीने पोरीला मनापासून नावं ठेवली. कोणी म्हटलं, असल्या थोबाडाला शाळेत घेतलं म्हणजे शाळा बुडणार. म्हातारा समाधानाने मान हलवत होता. तसं बघायला गेलं तर सगळं पूर्वीसारखंच होतं.

फक्त संध्याकाळ बदलली होती. पोरं किनाऱ्यावर, दगडांच्या पलीकडे, कुठे दिसत नसायची. उलुवेही कामावरून यायची, कपडे बदलायच्या आधी पायरीवर उभी राहायची आणि छाती भरून हाक घालायची. अख्खं नाव, एक अक्षर न गाळता, होडीएवढं लांब. ते पाण्यावरून दूरवर जायचं. माशांनी ऐकावं, गावाने ऐकावं, ज्याला कोणाला ऐकायचं त्याने ऐकावं. पाच वर्षांचं राहिलेलं ती भरून काढत होती.

त्या वेळी म्हातारा जिथे असेल तिथे थांबायचा. हातातली सुई हातात, घास तोंडात. लाटेचा आवाज यायचा. वारा यायचा. बाकी काही यायचं नाही. शार्कचं शेपूट चावणारा माणूस ओट्याच्या खांबाला धरून उभा असायचा आणि डोळे मिटायची त्याला हिंमत होत नसायची.

मग दगडांच्या पलीकडून, बऱ्याच उशिराने, वैतागलेला आवाज यायचा.

"आ-ले!"

तेव्हा तो घास गिळायचा.